धर्माचा रकाना

जून १९९८, मंगळवार, सकाळचे नऊ. हजर: मी, आई, मामा आणि धाकटा भाऊ. भावासाठीच आम्ही कोल्हापुरातल्या एका दवाखान्यात रांगेत उभे होतो. तीन आठवडे तो नीट झोपला नव्हता. भिंतीतून कोणीतरी बोलतंय म्हणायचा. कधी जेवला, कधी ओरडला, कधी दार लावून बसला, हे सगळं मी तारीखवार लिहून नेलं होतं.

केस पेपर काढणाऱ्या कारकुनाने, न विचारताच, धर्माच्या रकान्यात 'हिंदू' लिहिलं.

"बौद्ध," भाऊ म्हणाला. कित्येक दिवसांनी इतका स्पष्ट बोलला.

"एकच की ते, पावणं. सरका, मागं लाईन हाय."

भाऊ सरकेना. मामाने त्याचा दंड धरला. "लिव्हू दे की लेका. हितं काय पोरगी बघायला आलायस व्हय?"

रांग हसली, मामाही हसला. धर्मांतरानंतर ज्यांनी घरातले देव पंचगंगेत सोडले, त्या आजोबांचा हा मुलगा. आणि मी? मला नंबर जाईल याची घाई. "ऱ्हाऊ दे रे," मी म्हणाले, "गोळ्या काय धर्म बघून देत न्हाईत."

डॉक्टरांपुढे तो आवाजांबद्दल एक शब्द बोलला नाही. "माझ्या कागदावर खोटं लिव्हलंय," एवढंच पुन्हा पुन्हा. माझा कागद डॉक्टरांनी उलगडलाही नाही. बाहेर येऊन मी केस पेपर वाचला. इंग्रजीत होतं, अर्थ असा, की रुग्णाला स्वतःच्या धर्माविषयी भ्रम आहे.

महिन्याने पुन्हा गेलो. डॉक्टरांनी विचारलं, "धर्म कोणता?"

भाऊ फरशीकडे बघत, गोळ्यांनी जड झालेल्या जिभेने म्हणाला, "तुमी लिव्हलाय त्यो."

"सुधारणा आहे," डॉक्टर आईला म्हणाले. आईने हात जोडले. त्या खोलीची, मामाच्या हसण्याची, माझ्या शहाणपणाची किळस आली. ती अजून गेलेली नाही.

तो झोपू लागला, आवाज कमी झाले, हेही खरं. पण पेपर फाटला की नव्यावर जुनंच उतरवतात, रकान्यासकट. दुरुस्तीचा अर्ज मी लिहून ठेवलाय, नवबौद्ध असल्याच्या दाखल्याची नक्कल जोडलीय. सही मात्र त्याची लागते.

"सही केली तर भ्रम वाढला म्हणतील की गं," तो म्हणतो. "गोळी वाढीवली तर?"

सही घ्यायची राहिली आहे.