तिसरा अंगठा

असले अनुभव सांगणाऱ्यांना मी नेहमी एकच प्रश्न विचारायचे – त्या दिवशी नीट झोप झाली होती का? आज मीच असं काही लिहायला बसलेय, याचं खरं तर माझ्या नवऱ्याला हसू यायला हवं. पण ते फोटो बघितल्यापासून तो या विषयावर हसत नाही.

मी चौलला राहते. एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये बारा वर्षं नोकरी केली. नट-बोल्टपासून पंपापर्यंत हजारो भागांचे नंबर सांभाळले. कारखाना बंद झाला आणि घरी बसले. माझा मावसभाऊ सुहासदादा याचं काशीदच्या अलीकडे गॅरेज आहे. तो जुन्या, पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या गाड्या पुन्हा चालत्या करतो. या गाड्यांचे भाग आता बाजारात मिळत नाहीत. पण एका गाडीचा भाग कधीकधी दुसरीला बसतो, फक्त दोन्हीकडे नंबर वेगळे असतात. कुठला कुठे बसतो, ते जुन्या कॅटलॉगांत शोधून काढावं लागतं.

असे तेवीस कॅटलॉग दादाला म्हसळ्यात मिळाले. तिथे इस्माईलचाचांचं मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान होतं. दुकान केव्हाच बंद झालं, चाचाही सहा वर्षांपूर्वी गेले. त्यांची मुलगी रुक्साना शाळेत शिकवते. तिने पत्र्याच्या ट्रंकेसकट सगळं दादाला देऊन टाकलं. "वाळवी लागण्यापेक्षा कुणाच्या कामी आलेलं बरं," म्हणाली.

दादाने ती ट्रंक माझ्याकडे आणली, सोबत स्कॅनर. हा स्कॅनर म्हणजे स्टँडवर खाली तोंड करून लावलेला कॅमेरा. त्याच्याखाली कॅटलॉग उघडा ठेवायचा, दोन्ही अंगठ्यांनी पानं दाबून धरायची आणि पायाने बटण दाबायचं. फोटोत आपले अंगठे येतातच, ते नंतर कॉम्प्युटर आपोआप पुसून टाकतो. मग मी नंबर वाचून तक्त्यात भरायचे – हा भाग, या गाडीचा, त्या गाडीलाही चालतो. चाचांनी पानोपानी पेन्सिलीने खुणा केलेल्या होत्या. 'सेम', 'याला तोच', 'वॉशर टाकून चालेल'. आमच्यासाठी त्या सोन्यासारख्या होत्या. छापील कॅटलॉगात नसलेली माहिती त्या माणसाने आयुष्यभर जमवलेली.

नोव्हेंबरातला मंगळवार होता. सकाळचे सव्वाअकरा वाजलेले. मागे वाडीत शिंपण्याचा पंप चालू होता, खोलीत लख्ख उजेड. सोळावा कॅटलॉग, स्टिअरिंगचा विभाग. मी फोटो घेतला आणि स्क्रीनकडे बघितलं. कॉम्प्युटरने अंगठे पुसले होते. पण एक राहिला होता.

पानाच्या वरच्या कडेला. जाडजूड, काळपट, नखाच्या कडेत ग्रीस बसलेलं. आणि नख मधोमध उभं चिरलेलं, जणू दोन नखं शेजारीशेजारी.

मी आधी माझे हात बघितले. मग मूळ, न पुसलेला फोटो उघडला. त्यात डावीकडे माझा अंगठा, उजवीकडे माझा अंगठा... आणि वर तो. समोरून कुणीतरी पुस्तक धरल्यासारखा. माझ्यासमोर टेबल भिंतीला टेकलेलं आहे. तिथे माणूस उभा राहायला जागाच नाही.

कागदावर डाग असेल म्हणून पान खिडकीपाशी नेऊन बघितलं. स्वच्छ होतं. कॅमेऱ्याची काच पुसली, पुन्हा फोटो घेतला.

अंगठा होता. पण आता कडेला नव्हता, दोन ओळी खाली आला होता.

खरं सांगते, तेव्हा भीतीपेक्षा राग आला. यंत्र बिघडलं की मला राग येतो. मी तिसऱ्यांदा बटण दाबलं. अंगठा आणखी खाली. चौथ्यांदा... तो नंबरांच्या रकान्यात एका ओळीवर येऊन थांबला. पाचव्या आणि सहाव्या फोटोत तो तिथेच होता, जराही हलला नाही. फक्त सहाव्यात नख पांढरं पडलं होतं. आपण एखादी गोष्ट जोर लावून दाबली की पडतं ना, तसं.

त्याच वेळी मला जाणवलं की माझ्या दोन्ही हातांखाली पान अगदी ताठ बसलंय. मी हात उचलले. जुनी, वळलेली पानं – हात काढला की लगेच मिटायची. हे पान मिटलं नाही.

मी खोलीतून बाहेर पळाले. अंगणात चप्पल न घालता उभी होते. पंपाचा आवाज येत होता, रस्त्यावरून एसटी गेली, सगळं जग जागच्या जागी होतं. पाच-सात मिनिटांनी जरा भान आलं आणि डोक्यात तो नंबर घोळायला लागला. मी तो आधी कुठेतरी लिहिला होता. बारा वर्षांची सवय, नंबर विसरत नाही मी.

आत गेले. कॅटलॉगाकडे न बघता कॉम्प्युटर ओढून घेतला. तक्त्यात नंबर सापडला. पंधरा दिवसांपूर्वी दुसऱ्या एका गाडीच्या कॅटलॉगात चाचांनी हाच नंबर पेन्सिलीने लिहून पुढे 'सेम' लिहिलेलं होतं, म्हणून मीच तो भाग त्या गाडीलाही चालतो असं भरलं होतं. स्टिअरिंगचा दांडा चाकाला जिथे जोडला जातो, तिथला सांधा. आणि पुढच्या रकान्यात दादाची नोंद – 'वापरला.'

दादाला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. मग शुभावहिनीला.

"अगं, आम्ही गाडीतच आहोत," वहिनी म्हणाली. मागे इंजिनाची घरघर. "ती निळी गाडी झाली ना तयार. मुरूडपर्यंत चक्कर मारून येतोय. चढ लागलाय आता."

काशीदच्या पुढचा तो रस्ता मला पाठ आहे. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली समुद्र.

"वहिनी, दादाला गाडी थांबवायला सांग."

"का गं? काय झालं?"

काय सांगणार होते मी? फोटोत अंगठा दिसला म्हणून?

"माझा नंबर चुकलाय," मी म्हणाले. "स्टिअरिंगच्या सांध्याचा. चुकीचा लिहिला मी. आत्ताच्या आत्ता थांबवायला सांग."

दादाचा वैतागलेला आवाज ऐकू आला. "मंजू, बसलाय तो व्यवस्थित. माझ्या हाताने बसवलाय मी."

"दादा, तुला माझी शप्पथ आहे."

मी शपथा घालणारी बाई नाही, हे त्याला माहीत आहे. घरघर हळूहळू कमी होऊन थांबली.

वीस मिनिटांनी त्याचा फोन आला.

"जॅक लावून चाक उचललं," म्हणाला. "हाताने नुसतं हलवलं आणि सांधा बाहेर आला. हातात आला गं माझ्या. त्याची पिन हवी त्यापेक्षा नखभर बारीक आहे. वरून बघितलं तर दोन्ही गाड्यांचे सांधे सारखेच दिसतात. पुढच्या वळणावर..." आणि मग, "तुला आजच कशी कळली चूक?"

मी त्याला घरी बोलावलं आणि सहाही फोटो दाखवले. चारच्या सुमारास असेल. त्याने फोटो बघितले, कॅटलॉग बंद करून ट्रंकेत ठेवला आणि हात धुवायला गेला. बराच वेळ धूत होता.

रविवारी आम्ही म्हसळ्याला गेलो. आगरदांड्याला गाडी फेरीबोटीत घातली, दिघीला उतरलो. रुक्सानाने चहा केला, खारी ठेवली. दादाने मला खूण केली. मी लॅपटॉप उघडून पहिला फोटो तिच्यापुढे धरला.

तिने चष्मा लावला. हातातली बशी खाली ठेवली.

"हा अब्बांचा अंगठा आहे," ती म्हणाली. "तरुणपणी हातोडा बसला होता. नख तसंच चिरलेलं उगवायचं. कधीचा फोटो आहे हा?"

"मंगळवारचा," मी म्हणाले.

तिला वाटलं मी चुकून बोलले. मग मी सगळं सांगितलं. ती ओढणी तोंडाशी धरून ऐकत होती. दादाने त्या सांध्याबद्दल सांगितलं तेव्हा तिने डोळे मिटले.

"इथले एक डॉक्टर होते," ती हळू आवाजात म्हणाली. "त्यांच्या गाडीचा कसलासा भाग तुटला. अब्बांनी दुसऱ्या गाडीचा दिला, म्हणाले सेमच आहे. आठ दिवसांनी श्रीवर्धनच्या वाटेवर घाटात गाडी खाली गेली. डॉक्टर आणि त्यांची बायको, दोघंही. लोक म्हणाले ब्रेक लागला नसेल. अब्बांनी फक्त अम्मीला खरं सांगितलं, अम्मीने जाताना मला. त्यानंतर दुकान उघडायचे, पण विकायचे नाहीत काही. दुपारची नमाज झाली की रोज तोच एक कॅटलॉग काढून बसायचे. एका ओळीवर अंगठा दाबून. तास तास. आम्हाला वाटायचं, वाचतायत."

"ती ओळ कुठली ते माहीत होतं का तुम्हाला?" दादाने विचारलं.

"नाही भाई. विचारायची हिंमतच नाही झाली कधी."

मी सहावा फोटो दाखवला, पांढऱ्या नखाचा. तिने स्क्रीनवर त्या अंगठ्याशेजारी आपला अंगठा ठेवला आणि तशीच बसून राहिली. आम्ही निघालो तेव्हा दारापर्यंत आली नाही.

मी शोधायचं तेवढं शोधलं. स्कॅनर विकणाऱ्याने यंत्र तपासून दिलं, काही दोष नाही म्हणाला. आधीच्या कुठल्या फोटोची सावली उमटली असेल, असं एकाने सुचवलं, पण स्कॅनर नवा होता आणि चाचांना जाऊन सहा वर्षं झाली होती. फोटो अजूनही आहेत. ज्यांना दाखवले त्या सगळ्यांना अंगठा दिसतो. तक्त्यात मी त्या नंबरापुढे लाल अक्षरांत 'बसवू नये' लिहिलंय.

त्यानंतर महिनाभराने मी काम पुन्हा सुरू केलं, दिवसा आणि दार उघडं ठेवून. सतरा, अठरा, एकोणीस... एकवीसपर्यंत नीट झाले. दोन राहिलेत. त्यातला एक नुसत्या ब्रेकच्या भागांचा आहे.

परवा रुक्सानाचा फोन आला होता. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मग ती म्हणाली, "ताई, एक सांगायचं राहिलं. अब्बा रोज एकच कॅटलॉग घेऊन बसायचे असं मी म्हणाले ना... आता आठवून बघते तर तसं नक्की वाटत नाही. दोन होते बहुतेक."

राहिलेले ते दोन्ही कॅटलॉग मी अजून उघडलेले नाहीत.