पत्र्याखालची दुपार

लढाई संपली आणि माझे मालक, नवऱ्याला आम्ही असंच म्हणायचो, पलटणीतून घरी आले. येताना छावणीतलं एक खूळ डोक्यात घेऊन आले: घरावर पत्राच हवा. म्हसवडजवळच्या आमच्या गावात सगळी घरं माळवदाची, म्हणजे लाकडांवर तुराट्या आणि वर हातभर पांढरी माती. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार. शेकोटीला सरपणही कमी लागायचं. मालकांनी मात्र मिरजेहून पत्रे आणले आणि माळवद घालणाऱ्या कारागिरांना हसून म्हणाले, "तुमची माती तुमच्याच डोक्यावर ठेवा."

त्या कारागिरांचा पाच-सहा गावांचा मिळून एक संघ होता. एकाने घातलेल्या माळवदाची जबाबदारी सगळ्यांची. तक्रार आली की जाणती मंडळी भर दुपारी त्या घरात दार लावून बसत. घामाघूम झाली तर काम पुन्हा करून देत. मालकांचं ते बोलणं कानावर गेल्यावर संघाने ठरवलं, या घराची पायरी कुणी चढायची नाही. मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

पत्र्याखालचा पहिलाच उन्हाळा, आणि मी गरोदर. माहेरी कुणी उरलं नव्हतं, म्हणून बाळंतपण इथेच व्हायचं होतं, तेही ऐन वैशाखात. सुईण आत आली आणि वर बघून म्हणाली, "पोरी, ह्या भट्टीत लेकरू तगायचं न्हाई." मालकांना सांगितलं, तर ते नुसते मिशीला पीळ देत राहिले. मग मीच उठले आणि देवळाच्या ओवरीत संघ बसला होता तिथे गेले.

"आवं, काम करू नका. नुसतं माज्या घरी येऊन बसा."

म्होरक्या म्हातारा हसला. "तुजं घर आमी घातलंय व्हय?"

"न्हाई. पर माजी तक्रार ऐकायला दुसरं कोण हाय?"

दुसऱ्या दिवशी दुपारी चौघे आले आणि दार लावून बसले. मालकही हट्टाने समोर बसले. सगळ्यांच्या अंगावरून धारा लागल्या, पण उठायला कुणी तयार नाही. शेवटी म्हातारा म्हणाला, "गड्या, ऊठ की आता."

"पलटणीत ह्यापरीस लय ऊन सोसलंय."

"तू सोसलंस रं. लेकरानं कशापायी सोसायचं?"

मालक उठून बाहेर गेले. संध्याकाळी पांढऱ्या मातीची पहिली पाटी ते स्वतःच्या डोक्यावरून घेऊन आले. मी तोंडाला पदर लावला.

संघाने पत्र्याखाली माळा घातला: बाभळीची लाकडं, तुराट्या, कडुलिंबाचा पाला आणि वर माती. पत्रा आणि माती यांच्यात वारा खेळायला जागा ठेवली. तिथेच माझी लेक जन्मली. पण सुईणीचं बोलणं मालकांच्या मनातून गेलं नव्हतं. ते तिच्याशेजारी पंखा घेऊन बसत आणि हात दुखला तरी थांबत नसत.

त्याच वैशाखातल्या एका दुपारी मंडळी आपलं काम पारखायला रिवाजाप्रमाणे आली आणि दार लावून बसली. लेक झोपली होती, म्हणून कुणी खोकलंही नाही. बऱ्याच वेळाने म्हाताऱ्याने तिच्या मानेखाली बोटं सरकवली.

"कोरडी हाय," तो म्हणाला. "ठेव रं तो पंखा आता."

मालकांनी पंखा खाली ठेवला आणि त्या सगळ्यांसमोर ढसाढसा रडले.