मिस्त्रींनी उभारलेली खरी प्रयोगशाळा

मालिकांचे सेट उभारता उभारता मिस्त्रींचे केस पांढरे झाले होते. दवाखाना म्हणा, कोर्ट म्हणा, प्लायवूड आणि रंग मिळाला की हां हां म्हणता उभं करत. पण शास्त्रज्ञांच्या विनोदी मालिकेचं काम आलं आणि त्यांची झोप उडाली. कारण त्यांची लेक खरोखरीची शास्त्रज्ञ होती. टीव्हीवर प्रयोगशाळा दिसली की ती नाक मुरडून चॅनल बदलायची. एकदा तरी आमची खोली आहे तशी दाखवा, असा तिने हट्ट धरला आणि मिस्त्री शब्द देऊन बसले.

मग ते तिच्या संस्थेत गेले आणि सगळं नीट न्याहाळून आले. खोली अरुंद. फ्रीजरमुळे दार अर्धंच उघडायचं. एका यंत्राचं झाकण चिकटपट्टीने धरलेलं, छतापर्यंत खोकी, आणि जिकडेतिकडे ‘हात लावू नये’ अशा चिठ्ठ्या. त्यांनी हुबेहूब तेच उभारलं. फोनवर फोटो बघून लेक इतकी खूश झाली की मिस्त्री दिवसभर शीळ घालत होते.

दिग्दर्शक आला, फिरला आणि म्हणाला, "मिस्त्री, अडगळीची खोली झक्क झाली. प्रयोगशाळा कुठाय?"

मिस्त्री जन्मात कधी दिग्दर्शकाशी भांडले नव्हते, ते त्या दिवशी भांडले. माझी मुलगी अशाच खोलीत राबते, म्हणाले. दिग्दर्शक काही वाईट माणूस नव्हता. त्याने खांद्यावर हात ठेवून समजावलं की टीव्ही लावल्या लावल्या ही प्रयोगशाळा आहे हे लोकांना कळलं पाहिजे. संध्याकाळपर्यंत खोकी गेली. निळे दिवे आले, रंगीत पाण्याचे चंबू आले, कुठेच न पोचणाऱ्या काचेच्या नळ्या आल्या, वर धूर. भिंतींना चाकं होती. त्या फिरवल्या की मागच्या बाजूला त्याच शास्त्रज्ञांचा दिवाणखाना. मिस्त्री दात ओठ खात सगळं करत राहिले, कारण नाही म्हटलं असतं तर दुसरा कुणी आला असता.

मालिका गाजली. लेकीने पहिला भाग शेवटपर्यंत पाहिला आणि पाणी प्यायला उठून गेली. चार शब्द सुनावले असते तर मिस्त्रींना बरं वाटलं असतं.

पुढे एक दिवस तिचाच फोन आला. एका सकाळपुरता सेट मिळेल का? संस्थेच्या दर्शनी भिंतीवर तिचा मोठा फोटो लावायचा होता. फोटोग्राफर तिची खोली बघून नकारार्थी मान हलवून गेला होता, आणि सेटची कल्पना खुद्द तिच्या साहेबांची होती.

ती आली ती कडक इस्त्रीचा पांढरा कोट घालून. कोट कुणाचा तरी मागून आणलेला, खांद्यात सैल. मिस्त्रींचं डोकंच फिरलं.

"तू नाही म्हणायचंस ना!"

"म्हटलं होतं. साहेब म्हणाले, तुमच्या खोलीतला फोटो लावला तर इथे काही काम चालतं असं वाटेल का कुणाला?"

फोटोग्राफरने दिवे लावले. ती टेबलामागे जाऊन उभी राहिली, कॉलर सारखी केली, आणि वडिलांकडे न बघता हळूच विचारलं, "बाबा, यातलं काय हातात धरलं की मी शास्त्रज्ञ वाटेन?"

आणि मिस्त्रींना ते चांगलंच ठाऊक होतं.