वरण-भात आणि गार्डाकाका

आयर्लंडमधल्या लिक्सलिपमध्ये आम्ही चार मराठी आया जमलो की आधी मुलांच्या सर्दीचा विषय निघतो आणि चहा संपेपर्यंत गाडी गार्डांवर येते. गार्डा म्हणजे इथले पोलीस. गुन्हा आमच्यापैकी एकीनेही केलेला नाही, तरी प्रत्येकीकडे एक तरी किस्सा आहेच! माझ्याकडे जरा जास्त, कारण मी मुळात घाबरट. ही माणसं नसती तर मी अजून पडद्याआडूनच आयर्लंड बघत बसले असते.

पहिल्या हिवाळ्यात बेल वाजली. दारात धिप्पाड गार्डा! माझ्या कडेवर माझी लेक ईरा. त्याने तोंड उघडायच्या आत मी सांगून टाकलं, "आमचा व्हिसा व्हॅलिड आहे!"

"ग्रँड," तो म्हणाला. "हा कचऱ्याचा डबा तुमचाच ना? वाऱ्याने पार चौकात गेला होता."

डबा बिचाऱ्याने स्वतः ढकलत आणला होता. डेक्लन त्याचं नाव. संध्याकाळी माझा नवरा सौरभ म्हणाला, "अगं, डब्याचाही व्हिसा दाखवायचास!"

*

माझी मैत्रीण मुग्धा किलकेनीच्या हॉस्पिटलात बाळंतपणं करते. ड्यूटी संपवून निघाली, तर रस्त्यात गार्डांचा चेकपॉइंट. दारू तपासायची नळी खिडकीतून आत आली. मुग्धाने दमून इवलीशी फुंकर मारली.

"जोरात, डॉक्टर! अजून जोरात! थांबू नका, थांबू नका... झालंच आता!"

मुग्धा लालबुंद. "मी डॉक्टर आहे हे तुम्हाला कसं कळलं?"

"माझ्या बायकोला तुम्ही अगदी असंच ओरडत होतात. तेव्हापासून वाट बघतोय!"

*

सासूबाई यवतमाळहून आल्या होत्या. दुपारी पाय मोकळे करायला गेल्या आणि परत येईनात. इथली घरं सगळी एका साच्यातली. मी रस्त्यावर येरझारा घालतेय, तेवढ्यात गार्डांची गाडी आली. पुढच्या सीटवर सासूबाई, नऊवारीवर सौरभचं जॅकेट. डेक्लनच्या हातात त्यांच्या पिशवीतला मेथीचा लाडू! 'व्हिसावाल्या बाईंचं' घर त्याला पाठच होतं.

उतरता उतरता सासूबाईंनी त्याला विचारलं, "काऊन रे बाबू, बंदूक नाही, काठी नाही. चोर तुले भेतात तरी का?"

मी भीत भीत भाषांतर केलं. डेक्लनने लाडू गिळला आणि म्हणाला, "मला नाही भीत. पण मी त्यांच्या आयांना ओळखतो, त्याला भितात."

"हुशार आहे पोट्टा!" सासूबाईंनी पसंती दिली.

*

पण ह्याच सासूबाईंनी घरात एक नवीन प्रकार सुरू केला. ईराने ताटातलं टाकलं की, "खाय चुपचाप! नाही तं गार्डाकाका घेऊन जाते!"

मी पॅरेंटिंगची पुस्तकं वाचून वाचून आणखीच गोंधळलेली आई. मला धडकीच भरली. उद्या पोरगी खरंच हरवली, तर गार्डा दिसला की लपून बसेल!

"आई, असं नका ना सांगू तिला."

"सौरभले असंच तं मोठं केलं!"

सौरभ अजूनही सुट्टीत पुण्यात ट्रॅफिक हवालदार दिसला की गल्ली बदलतो. कागदपत्रं सगळी खिशात असताना!

*

आणि माझी भीती खरी ठरायला लागली. डेक्लन ईराच्या शाळेत आला. सगळी मुलं सायरन वाजवायला धावली, आमची टेबलाखाली. घरी आल्यावर तिच्या त्या आयरिश हेलात मला म्हणाली, "आई, आय एट ऑल माय लंच. पण त्याने विचारलंच नाही!"

*

मग आली पार्कातली उन्हाळी जत्रा. ही गर्दी! आइस्क्रीमसाठी मी पर्स उघडली, वर बघते तर ईरा नाही.

सौरभ एका टोकाला धावला, मी दुसऱ्या. लोक विचारत होते, मुलगी कशी दिसते, काय घातलंय. इकडे तिकडे गार्डा उभे होते आणि म्हणूनच माझा जीव जास्त जात होता. ती त्यांच्यापासूनच लपली असणार! मी एकेका स्टॉलचं कापड उचलून, गुडघ्यांवर बसून, टेबलांखाली बघत सुटले. केकवाल्या आजीबाई माझ्याबरोबर वाकल्या.

"हॅलो," मागून कुणीतरी म्हणालं.

मी टेबलाखालून डोकं काढलं. डेक्लन. त्याचं बोट घट्ट धरून ईरा, डोक्यावर त्याची टोपी नाकापर्यंत उतरलेली. मी तिथेच गवतात तिला कवटाळून बसले.

डेक्लनही शेजारी उकिडवा बसला. चेहरा एकदम गंभीर.

"सरळ चालत माझ्यापाशी आली," तो म्हणाला. "आणि मला ऑर्डरच दिली. 'मी आज वरण-भात संपवला नाही. सो नाउ यू हॅव टू टेक मी.'"