वैशालीची हवेतली ठिणगी

वैशाली गेल्याचा फोन मला आला नाही, माझ्या मुलीला आला. मी भाकरी थापत होते. ऋता स्वयंपाकघराच्या दारात आली, "आई, वैशूमावशी गेली…" म्हणाली आणि तिथेच लादीवर बसली. तिला जवळ घेताना माझ्या मनात पहिलं आलं ते दुःख नव्हतं. एमएस्सीपासूनची मैत्रीण मी, आणि तिच्या भावाने पालीहून फोन केला तो ऋताला…

वैशाली भाईंदरजवळच्या किनाऱ्यावरल्या पालीची, मच्छीमार घरातली, मी भाईंदरला वाढलेली, मूळची रत्नागिरीकडची. भौतिकशास्त्र आम्ही एकाच बाकावर शिकलो. पुढे मी कॉलेजात शिकवायला लागले, ती संशोधनात गेली. लेसरचा झोत भिंगाने हवेत एका बिंदूवर आणला की तिथली हवा इतकी तापते की क्षणभर तिचा प्लाझ्मा होतो. त्या ठिणगीचा उजेड रंगांत फोडला की हवेत आणि तिच्यातल्या धुळीत काय काय आहे ते कळतं, कारण प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या. हे सगळं मी फळ्यावर शिकवत आले. ऋतालाही घरी समजावलं होतं, तिने जांभया देत ऐकलं. मग वैशाली तिला प्रयोगशाळेत घेऊन गेली, मीही सोबत होते. टक् आवाज झाला आणि रिकाम्या हवेत पांढरी ठिणगी चमकली.

"मावशी, काय जळतंय तिथे?"

"दुसरं काही नाही गं. हवाच आहे ती."

तेव्हा ऋताचा झाला तसा चेहरा मला माझ्या कुठल्याच तासाला कुणाचा दिसला नव्हता.

काशीमिऱ्याला गॅरेजांच्या मागे एका शेडमध्ये जुन्या बॅटऱ्या वितळवून शिसं काढत. बाजूच्या चाळीतली मुलं सारखी पोटदुखीने हैराण. शेडवाला म्हणायचा, "मॅडम, ये सब हायवे का धुआँ है. ट्रक रोको ना जाके!" वैशाली भांडली नाही. यंत्र टेम्पोत घालून तिने चाळीच्या अंगणात आणलं. बहुतेक ठिणग्यांना धुळीचा कणच सापडत नाही, म्हणून टक् टक् एकसारखं चालू… पण भट्टी पेटलेली होती आणि पडद्यावर शिशाची जांभळी रेषा उमटत होती. शेडला सुट्टी होती त्या दिवशी ती परत आली. ट्रक तेवढेच, धूर तेवढाच. रेषा मात्र नाही.

"भट्टी बंद, तो सीसा भी बंद," ती त्याला म्हणाली. "ट्रक तो चालू है ना, भाईसाब?"

पुढे शेडला टाळं लागलं. चाळीतल्या बायकांनी वैशालीला ओवाळलं तेव्हा तिने ऋताला शेजारी ओढून घेतलं. फोटो मी काढला. रिक्षात ऋता म्हणाली, "मला मावशीसारखं व्हायचंय."

ऋता तिच्याकडेच पीएचडी करायला लागली. वैशाली आजारी पडली तेव्हा हॉस्पिटलातही दोघी रेषांबद्दल बोलायच्या, मी संत्री सोलायचे. एकदा मी चिडून म्हटलं, "तिला जरा घरी पण येऊ दे." वैशाली दमल्यासारखं हसली. "नेते कुठे मी तिला? तुझीच आहे." ते ऐकूनही मला बरं वाटलं नाही.

ती गेल्यानंतर काही दिवसांनी आम्ही पालीला गेलो. तिच्या आईने कपाटातून लेसरपासून डोळे जपणारा तिचा चष्मा काढून ऋताच्या हातात ठेवला. मी नुसती बघत होते. म्हातारीच्या ते लक्षात आलं असावं.

"तुला काय देऊ बाय?" ती म्हणाली. "तुजी पोर हाय तुज्यासंगती. माजी न्हाय."



त्या चष्म्याचा पट्टा कधीतरी तुटला होता. वैशालीने तिथे जाळ्याचा दोरा लावून गाठ मारलीय. ऋताला तो सैल होतो. "आण, नवा पट्टा शिवून देते," मी म्हटलं. "नको आई, राहू दे." रोज सकाळी बॅगेत ठेवण्याआधी ती तो एकदा डोळ्यांवर चढवते. तो घसरतो, ती बोटाने वर सारते… आणि मला अजून हेवा वाटतो.