मेण लावलेले बोळे

यूनुस जॉबरला हळू बोलता येत नाही. टपरीवर कटिंग मागितला तरी पलीकडच्या गल्लीत झोपलेलं कुत्रं दचकून उठतं. कुणी म्हणालं, "यूनुसभाई, जरा हळू," की तो मान डोलावतो आणि तेवढ्याच जोरात म्हणतो, "हळूच बोलतोय ना!" त्याचा तरी काय दोष म्हणा. मिसरूड फुटायच्या आधीपासून हा माणूस भिवंडीच्या लूम कारखान्यात उभा आहे. बिघडलेलं लूम दुरुस्त करतो तो जॉबर, म्हणजे आजूबाजूची सगळी लूम धडधडत असताना एका बंद लूमच्या पोटात डोकं घालून बसायचं. कान कधी गेले ते त्याला कळलंसुद्धा नाही.

आणि खरं सांगू का, कारखान्यात कानांचं काम पडतंच कुठे? तिथे माणसं डोळ्यांनी ऐकतात. पार त्या टोकाचा कारीगर नुसते ओठ हलवतो, "धोटा अडकला," की या टोकाला यूनुस पाना उचलतो. शिव्या, थट्टा, कुणाच्या घरी पोर झालं, कुणाची म्हातारी गेली, सगळं असंच, आवाजावाचून. ओठ वाचण्यात यूनुसचा हात धरणारा कुणी नव्हता. शिफ्टला उभं राहताना कानात कापसाचे बोळे घालायची सवय त्याला बापाकडून आलेली. कान झाकले म्हणजे कान सांभाळले, एवढा साधा हिशेब.

घर कारखान्याच्या मागच्या भिंतीला लागून. ती भिंत दिवसभर थरथरते. फळीवरचे पेले सरकत सरकत कडेला येतात आणि यूनुसची बायको जैनब येता-जाता ते मागे ढकलते. या घरात कुणी कुणाला हाक मारत नाही. बोलवायचं असलं की दिव्याचं बटण खालीवर करायचं, मग समोर येऊन तोंडाकडे बघत बोलायचं. त्यांची एकुलती एक मुलगी इरम अशा घरात वाढली. चालायला लागायच्या आधी ओठ वाचायला शिकली असेल पोरगी. आपण ऐकतो किती आणि बघतो किती, हे तिचं तिलाच माहीत नव्हतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यातून झालं.

इरमच्या शाळेत सुमतीताई पी.टी. शिकवायच्या. तरुणपणी त्या स्वतः स्प्रिंगबोर्डवरून उड्या मारत राज्यापर्यंत गेलेल्या. एका सुट्टीत त्यांनी पोरींना तरण तलावावर नेलं आणि इरमला बोर्डाने जी भुरळ घातली ती घातलीच. उडी मारायला शिकवायचं काय असतं, विहिरीवर पोरं मारतातच की, असं यूनुसला वाटलं होतं. छे! या विद्येत बालवाडीपासून मॅट्रिकपर्यंत सगळ्या इयत्ता आहेत. आधी काठावर बसून, हात कानांना चिकटवून, डोकं खाली घालत पाण्यात घसरायचं. मग एका गुडघ्यावर. मग उभ्याने. त्यानंतर कुठे एक मीटरचा बोर्ड, आणि त्याच्यावरसुद्धा आधी नुसतं चालायचं. शेवटी गुडघा उचलून टोकावर दोन्ही पाय आपटायचे आणि बोर्ड वर फेकेल तेव्हा त्याच्याबरोबर जायचं, त्याच्या आधी नाही. एवढं जमेपर्यंत इरमच्या नडग्या काळ्यानिळ्या झाल्या होत्या. पुढे समोर तोंड करून उडी, पाण्याकडे पाठ करून उडी, मग ज्यांत डोकं बोर्डाच्या बाजूला फिरतं त्या दोन भीतीच्या उड्या, आणि शेवटी अंगाला पीळ देऊन. या पाचही आल्या की जिल्हा. जिल्ह्यात नाव लागलं की तीन मीटरचा बोर्ड आणि राज्याची निवड. तिथे मात्र नुसती देखणी उडी चालत नाही. परीक्षकांचे गुण उडीच्या अवघडपणाने गुणतात, त्यामुळे सोपं करणारा मागेच राहतो.

नातेवाईक बोलले, मोहल्ला बोलला. यूनुसने कुणाचं ऐकलं नाही, आणि तसंही त्याला ऐकू कुठे येत होतं! जैनबने घोट्यापर्यंतचा पोशाख शिवून दिला आणि म्हणाली, "जा, पण मला बघायला नका बोलावू." यूनुस मात्र दर रविवारी हजर. भिवंडीच्या तलावावर एक मीटरचाच बोर्ड, म्हणून तीन मीटरच्या सरावाला सुमतीताई पोरींना ठाण्याला न्यायच्या, आणि हा एस.टी. पकडून मागोमाग. चांगली उडी पाण्यात शिरली की कापड फाडल्यासारखा आवाज होतो, असं इरमने त्याला सांगितलं होतं. यूनुस म्हणाला, "वा रे वा! आमच्याकडे कापड फाटलं की शिव्या, तुमच्याकडे गुण!" तो आवाज त्याला कधी आला नाही. तो इरमच्या वर येणाऱ्या तोंडाकडे बघायचा आणि ओळखायचा, फाटलं की नाही.

राज्याच्या निवडीसाठी इरमच्या उड्यांत एक कमी पडत होती. तीन मीटरवरून अडीच कोलांट्या. गुडघे छातीशी धरून हवेत दोन गिरक्या घ्यायच्या आणि तिसरीच्या मध्यावर अंग उघडून डोक्यावर पाण्यात जायचं. पहिल्या पहिल्यांदा हवेत पोराला वर कुठे, खाली कुठे ते कळत नाही. म्हणून सरावात कोच काठावरून ओरडतो, "हप!" आवाज आला की उघडायचं. अंगात बसेपर्यंत पोर त्या एका आवाजावर उडी टाकतं. एक मीटरवर दीड कोलांटी इरम अशीच शिकली होती, सुमतीताईंच्या आवाजावर.

आणि नेमका तेव्हाच तिचा उजवा कान वाहायला लागला. लहानपणापासूनचं दुखणं, अधूनमधून डोकं वर काढायचं. डॉक्टरांनी पडद्याला भोक असल्याचं सांगितलं. महिनाभर पाण्याचं नाव काढायचं नाही, असंही बजावलं. निवड आठवड्यावर आली होती. जैनब म्हणाली, "झालं. बसवा तिला घरी." इरम जेवली नाही. भिंतीशी गुडघे पोटाशी घेऊन बसली आणि बापाकडे बघून आवाजावाचून म्हणाली, "अब्बा, पुढच्या वर्षी माझा वयोगट बदलतो. पुन्हा खालून सुरू."

सुमतीताईंना सांगायची तर सोयच नव्हती. कान वाहतोय म्हटलं की त्या पाण्याला पाय लावू द्यायच्या नाहीत, तलावाच्या दारातून परत पाठवायच्या. यूनुसला आपल्या हातांचा भारी भरवसा. पाणी आत जायला नको ना, मग जाऊ द्यायचं नाही, एवढंच तर आहे! त्याने कारखान्यातला स्वच्छ कापूस आणला, त्याचे दोन घट्ट बोळे वळले, खोबरेल चोळलं, वर मेणबत्तीचं मेण वितळवून बोटाने लिंपलं. एका कानाला पुरलं असतं, पण त्याने दोन्ही कानांचे केले. पाणी काय विचारून जातं का कुठल्या कानात जाऊ ते? रविवारी सकाळी ठाण्याच्या सरावाला निघताना त्याने ते इरमच्या कानांत दाबून बसवले, वर टोपी ओढली आणि विचारलं, "बरं वाटतंय?" ती त्याच्या ओठांकडे बघून हसली. "एकदम मस्त, अब्बा."

ठाण्याच्या तलावावर सुमतीताई तिच्याशी कितीतरी वेळ बोलत होत्या, यूनुस वरच्या पायरीवरून बघत होता. टाच कुठे, हात कुठे, घाई नको. इरम प्रत्येक गोष्टीला बरोबर मान हलवत होती, बरोबर उत्तर देत होती. ताईंनी विचारलं, "मी हप म्हटलं की उघडायचं. माझ्यावर भरवसा आहे ना?" इरम म्हणाली, "आहे, ताई." कुणाला शंका येणार? पोरगी ऐकत नव्हती, वाचत होती. आणि ऐकू येत नाहीये हे तिलाही उमगलं नाही, कारण तिच्या घरी ऐकणं म्हणजे हेच होतं.

इरम चालत गेली. गुडघा उचलला, बोर्ड वाकला, बोर्डाने फेकलं. उंची सुरेख मिळाली. एक गिरकी, दुसरी. यूनुसची नजर सवयीने सुमतीताईंच्या तोंडाकडे गेली. तलावाच्या त्या टोकाला त्यांचं तोंड उघडलं, "हप!" अगदी वेळेवर. त्याने स्पष्ट वाचलं. आणि पोर उघडली नाही. गुडघे छातीशी तसेच, ती फिरतच राहिली, पाणी दिसलं तेव्हा धडपडून हात सोडले आणि उजव्या कानावर आडवी आपटली.

वर यायला हवी होती, ती खाली निघाली. फुटलेल्या कानात पाणी गेलं की डोकं गरगरतं, वरखाली कळत नाही. पोर तळाच्या फरशा हाताने चाचपत होती, जणू तिकडेच हवा आहे. सुमतीताईंनी अंगावरच्या कपड्यांनिशी उडी घेतली आणि तिला ओढून काढलं. टोपी निघाली होती. काठाच्या पन्हळीत डाव्या कानातला बोळा तरंगत आला. यूनुसने तो उचलला आणि मुठीत दाबून ठेवला. मेण आतपर्यंत शाबूत होतं. कापसात पाण्याचा थेंब शिरला नव्हता, काम चोख झालं होतं.

इस्पितळात सांगितलं ते असं. उजवा कान कायमचा गेला. आतला तोल सांभाळणारा भागही दुखावला. चालायला लागेल, पण उंचावर उभं राहायचं नाही आणि पाण्यात उतरायचं नाही, जन्मभर. डावा कान लूमच्या आवाजाने आधीच अर्धा झालेला, तेही आता तपासात निघालं. डॉक्टरांनी उजव्या कानातून आपटून फाटलेल्या बोळ्याचे तुकडे काढले आणि यूनुसला झापलं, "वाहत्या कानात घाण कोंडलीत तुम्ही." तो खाली मान घालून उभा राहिला. कापूस आणि उडी यांची सांगड डॉक्टरांनी घातली नाही. ते त्यांचं कामही नव्हतं.

सुमतीताई रोज यायच्या. पलंगाच्या पायथ्याशी उभ्या राहायच्या आणि तेच ते म्हणायच्या, "मी उशिरा आवाज दिला, यूनुसभाई. माझीच चूक." इतर पोरींच्या आईबापांनी पोरी काढून घेतल्या होत्या. स्पर्धा भरवणाऱ्या समितीने ताईंना जाब विचारला आणि त्यांनी तोच दिला, उशिरा ओरडले म्हणून. भिवंडीचा बोर्ड दोरखंडाने बांधून ठेवला होता. हे सगळं यूनुस ताईंच्या ओठांवर रोज वाचत होता आणि गप्प बसत होता. जैनब त्याच्याकडे बघायची आणि नजर वळवायची. तिला काय ठाऊक होतं, काय नव्हतं, त्याने विचारलं नाही. विचारायची छाती नव्हती.

एका दुपारी सुमतीताई म्हणाल्या, "मी ठरवलंय. आता कुठल्याच पोरीला बोर्डावर चढवणार नाही. माझ्या आवाजावर माझाच विश्वास उरला नाही." त्या जायला वळल्या तशी यूनुसने त्यांची वाट अडवली. फक्त त्यांनाच, गुपचूप, कानाशी सांगायचं, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. बिचारा! त्याला गुपचूप येतं कुठे?

"ताई, तुम्ही टायमावर आवाज दिला! मी बघितलं! तुमचं तोंड बरोबर टायमाला उघडलं! पोरीला ऐकूच आलं नाही! कान मी बंद केले होते! मेण लावून, या हातांनी!"

सगळा वॉर्ड थबकला. इंजेक्शन भरणारी नर्स थांबली, समोरच्या पलंगावरचा म्हातारा उठून बसला, दारातले नातेवाईक आत डोकावले. यूनुसला वाटत होतं तो हळू बोलतोय. त्याने खिशातून बोळा काढून तळहातावर धरला.

"एकदा सांगितलं असतंत मला," ताई म्हणाल्या. "एकदाच. मी तिला पाण्यात उतरू दिलं नसतं."

"म्हणूनच नाही सांगितलं, ताई!"

सुमतीताई स्टुलावर बसल्या आणि त्यांनी पदरात तोंड खुपसलं. त्या रडत होत्या की सुटल्या होत्या, ते यूनुसला कळेना, कारण त्यांचे ओठ दिसत नव्हते. जैनबने दोन्ही हात कपाळाला लावले. "या अल्ला," एवढंच ती म्हणाली.

वॉर्डभर सगळ्यांनी ऐकलं होतं. इरम तेवढी भिंतीकडे तोंड करून पडली होती. जिच्याबद्दल बोलणं चाललं होतं तिच्यापर्यंत त्यातलं अक्षर पोचलं नव्हतं. यूनुस पलंगाला वळसा घालून भिंतीच्या बाजूला गेला, फरशीवर उकिडवा बसला, तिच्या तोंडासमोर तोंड आणलं आणि सगळं पुन्हा सांगितलं, या वेळी आवाजावाचून. बोळे, मेण, वेळेवर आलेला "हप". तिने शेवटपर्यंत वाचलं. मग हात पुढे करून त्याच्या तळहातावरचा बोळा उचलला, बोटांत फिरवून बघितला आणि त्याच्या हातात परत ठेवला.

"तुम्ही चांगलंच करायला गेला होता, अब्बा," तिचे ओठ म्हणाले. त्याच्या डोळ्यांना धारा लागल्या. तिला अजून कुणी काही सांगितलं नव्हतं, डॉक्टरांचं बोलणं सगळं वॉर्डाच्या बाहेर झालेलं. मग तिने विचारलं, "पण मी बोर्डावर परत कधी?"

लूमच्या या टोकावरून त्या टोकाचे ओठ वाचणारा यूनुस जॉबर, ज्याच्याकडून आयुष्यात एक शब्द सुटला नव्हता, तिच्या तोंडापासून वीतभर अंतरावर बसला होता. त्याने मान हलवली, कानामागे हात धरला आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाला, "काय? काय म्हणालीस, बेटा? मोठ्याने बोल, मला ऐकू नाही आलं."