बिबट्याचं मिटलेलं तोंड

शिकारबंदी झाली आणि वडिलांच्या हाताखाली शिकलेल्या माझ्या कामात फक्त जुन्याची डागडुजी उरली. पंचवटीतल्या आमच्या माडीवर जनावरांची भुसा भरलेली मुंडकी दुपारच्या पिवळ्या उन्हात भिंतीला टेकून असायची. मी त्यांच्यात इतकी हरवायचे की चहा निवून जायचा. गिऱ्हाईक मात्र बाई दिसली की दारातून विचारायचं, "कारागीर कुठंयत?" मी जाम चिडायचे.

इगतपुरीच्या त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी तसं विचारलं नाही. रेल्वेतून निवृत्त झालेले. गोणपाटात गुंडाळलेलं बिबट्याचं मुंडकं त्यांनी झोपलेल्या मुलासारखं मांडीवर घेतलं होतं. मी दोष बघायला लागले. तिकडच्या पावसानं कानामागे बुरशी धरलेली, केसांना कसर लागलेली, आणि जीभ तर लग्नाच्या मांडवासारखी लालभडक.

"हे सगळं निघेल, काका," मी म्हटलं.

"त्ये राहू दे. तोंड मिटून दे."

आ वासलेला जबडा मिटवायचा? तीस वर्षं वाळलेलं कातडं, ओढलं की फाटणार. मी साफ नाही म्हटलं. मग ते खाली बघत बोलले, "त्यानं डरकाळी फोडलीच नव्हती, पोरी. वढ्यावर पाणी पीत व्हता. मान वर करून माझ्याकडं बघितलं, तवाच मी गोळी घातली. लोकांना दावायला म्हणून जबडा उघडा करून घेतला. आता नातू इचारतो, आजोबा, तो तुमच्या अंगावर आला व्हता ना? लय वंगाळ वाटतं."

मी मुंडकं उलटं केलं. टाके ओळखीचे निघाले, वडिलांचेच. तो खोटा जबडा उघडल्याबद्दल मला वडिलांचा रागच आला, आणि काम ठेवून घेतलं.

ओला भुसा आणि ओली फडकी लावून आठ दिवस कातडं मऊ करत बसले. जबड्यातलं प्लास्टर थोडं थोडं खरवडलं. ओठ रोज केसभर खाली यायचा. डोळा लागला की माडीवर ओढा वाहतोय असं वाटायचं. नवव्या दिवशी ओठ डावीकडे फाटलाच. मी रडले. मग टाके घातले, मेण भरलं, रंग दिला.

ते न्यायला आले तेव्हा मी आधीच सांगून टाकलं, "इथं वण दिसतो, काका."

त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. मिटलेल्या तोंडावरून अंगठा फिरवत राहिले. कोपऱ्यात माझं हात धुवायच्या पाण्याचं घमेलं होतं. मुंडकं घेऊन ते तिथे उकिडवे बसले, त्याचं तोंड पाण्याजवळ धरलं आणि म्हणाले, "पी बाबा आता. पोटभर पी."